खिशातला चाकू, चंचीतला अडकित्ता: छोट्या पात्यांच्या संग्राहकांची देवघेव

जयपूरच्या सिटी पॅलेसमधील शस्त्रदालनात शिरणाऱ्या पर्यटकांचे स्वागत अनेक वर्षे कट्यारी आणि सुऱ्यांनी केले जात असे. भिंतीवर ही शस्त्रे अशा रीतीने मांडलेली असत की त्यांतून ‘वेलकम’ हा इंग्रजी शब्द उमटे. बाहेर पडताना तशाच पात्यांनी निरोपही दिला जाई. १९५९ साली सर्वसामान्यांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात राजघराण्याची शस्त्रे पिढ्यान् पिढ्या जपली गेली आहेत. कोणती तलवार कोणाची, कोणत्या कट्यारीची मूठ कोणत्या दगडाची, याच्या नोंदी ठेवण्यासाठी दरबारी कारकून होते.

या राजवाड्यापासून काही किलोमीटरवर, शहराच्या पूर्व भागात, सेक्टरांमध्ये आखलेली जवाहर नगर ही निवासी वसाहत आहे. अशा वसाहतींतील घरांमध्येही पाती असतात, मात्र ती निराळी. सुपारी कातरण्याचा किंवा लोणच्यासाठी कैरी फोडण्याचा सरोता, फळे कापण्याचा मिटता चाकू, आजोबांच्या कपाटात राहून गेलेला पेन्सिलीला टोक करण्याचा छोटा चाकू. या वस्तूंची नोंद कोणत्याही दरबाराने ठेवली नाही. त्या टिकल्याच, तर कोणा हौशी माणसाने त्या उचलून जपल्या म्हणून. आणि अशी माणसे जगात जिथे जिथे एकत्र आली आहेत, तिथे त्यांच्यात एक विलक्षण गोष्ट आढळते. जमवणे हा त्यांचा छंद असला तरी देणे ही त्यांची रीत आहे.

पारंपरिक खिशातला चाकू म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. या चाकूचे पाते मुठीत मिटते. मुठीच्या पाठीशी पोलादाची एक पट्टी कमानीसारखी ताणलेली असते आणि तिच्या दाबामुळे पाते उघडे किंवा मिटलेले राहते. पाते जागीच पक्के अडकवणारी कळ त्यात नसते. बोटाने रेटले की ते मिटते. मूठ हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची असते. इंग्लंडमधील शेफिल्ड हे शहर अशा चाकूंसाठी जगप्रसिद्ध होते. तेथील जोसेफ रॉजर्स या कारखान्याने १८२२ साली तब्बल १८२२ पात्यांचा एक चाकू तयार केला आणि पुढे त्यात सालागणिक पाती वाढवली जात राहिली. त्या चाकूने कोणी पेरू कापला नसेल, पण कारागिरांना आपल्या हाताविषयी किती अभिमान होता हे त्यावरून कळते.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी सैन्यासाठी चाकू बनवण्यास सुरुवात केली आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीच्या बहुपयोगी चाकूची नोंदणी केली. फ्रान्सच्या सावॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा अत्यंत साधा चाकू घडवला. या वस्तू राजांसाठी नव्हत्या. शेतकरी, शिपाई, सुतार, कारकून यांच्या खिशात त्या वावरल्या आणि बहुतेक झिजून फेकल्या गेल्या.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील या धंद्याला मोठा धक्का बसला. श्रेड हा जुना कारखाना २००४ मध्ये आणि कॅमिलस हा २००७ मध्ये बंद पडला. स्वस्त आयात मालापुढे हाताने जुळवाजुळव करून बनवलेला चाकू टिकेना. याच काळात, २००६ साली, पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल या गावी ग्रेट ईस्टर्न कटलरी हा छोटा कारखाना जुन्या पद्धतीचे चाकू बनवण्यासाठी सुरू झाला. तो चालला तो मुख्यतः संग्राहकांच्या आधारावर.

नाण्याची रीत

युरोप-अमेरिकेत एक जुनी समजूत आहे. मित्राला चाकू भेट दिला तर मैत्री कापली जाते. त्यावर लोकांनीच उपाय शोधला. चाकू घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक लहानसे नाणे ठेवायचे, म्हणजे ती भेट न राहता खरेदी ठरते आणि मैत्री शाबूत राहते. काही जण तर चाकूसोबत नाणेही स्वतःच देतात, घेणाऱ्याने ते परत करावे म्हणून. आपल्याकडेही रिकामी कात्री वाजवू नये, भांडण होते, असे घरोघरी सांगितले जाते. धारेबद्दलची ही धास्ती सर्वत्र सारखीच दिसते.

या समजुतीमुळे ज्या वस्तूने मैत्री तुटते असे मानले गेले, नेमकी तीच वस्तू चाकूंचे संग्राहक एकमेकांना सर्वाधिक देतात. कोणाच्या वडिलांचा चाकू हरवला असल्याचे कळले की त्याच नमुन्याचा, त्याच काळातला चाकू शोधून कोणी तरी तो टपालाने पाठवून देतो. नवा माणूस या छंदात आला की त्याला पहिला चांगला चाकू विकत घ्यावा लागू नये, असे जुन्यांना वाटते. सैल झालेले पाते, तडकलेली मूठ दुरुस्त करून देणारे हौशी कारागीर अनेकदा मजुरी घेत नाहीत. मित्राने दिलेला चाकू मग रोज खिशात ठेवला जातो आणि तो दाखवताना देणाऱ्याचे नाव आधी सांगितले जाते, कारखान्याचे नंतर.

ज्ञानाची देवघेव तर त्याहून मोठी आहे. जुना चाकू ओळखणे हे जुने नाणे ओळखण्याइतकेच कठीण. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या केस या कारखान्याने १९७० साली पात्याच्या बुंध्यावरील आपल्या शिक्क्याखाली दहा ठिपके उमटवण्यास सुरुवात केली. पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी होत गेला. ठिपके मोजता येणाऱ्याला चाकूचे साल कळते. न मोजता येणाऱ्याला दुकानदार सांगेल ते खरे मानावे लागते. हे ज्ञान प्रारंभी पुस्तकांत नव्हते. १९७२ मध्ये तेथे संग्राहकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, मेळावे भरू लागले, आणि तेथे टेबलापलीकडच्या म्हाताऱ्याने टेबलाअलीकडच्या पोराला ते फुकट सांगितले.

हे औदार्य येते कोठून? एक कारण अर्थातच किमतीत आहे. जुनी चित्रे किंवा हिरे जमवणाऱ्याला आपल्या वस्तूची वाच्यता करण्याचीही भीती वाटते. साधा चाकू देऊन टाकणे परवडते. परंतु हे कारण पुरेसे नाही, कारण काही जुने चाकू भलतेच महाग असतात आणि तेही दिले जातात. दुसरे कारण अधिक खरे वाटते. अशा चाकूचे मोल त्याच्या वापरात आहे. धार लावून लावून अरुंद झालेले पाते, अंगठ्याने गुळगुळीत झालेली मूठ हे कोणाच्या तरी आयुष्याचे उरलेले चिन्ह असते. ती कोणाची खूण आहे हे सांगणारा आणि ऐकणारा असा जोड असल्याशिवाय ती वस्तू म्हणजे केवळ जुने लोखंड. संग्राहकाला आपल्या वस्तूसाठी दुसरा संग्राहक लागतो. तो नसेल तर त्याला तयार करावा लागतो, आणि त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्या हातावर एक चाकू ठेवणे.

भारतात चाकूची अडचण

भारतात मात्र ‘मी चाकू जमवतो’ असे सांगणाऱ्याकडे लोक जरा मागे सरकून पाहतात. याला चित्रपटांचा हातभार मोठा आहे. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू हिंदी चित्रपटांतील खलनायकांनी इतक्या वेळा उघडला की त्या गावाच्या नावाचाच दरारा बसला. प्रत्यक्षात ती नवाबी काळापासून चालत आलेली कसबी लोहारांची कला होती. १९९० च्या दशकात राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर निर्बंध घातले आणि कारागीर एकेक करून दुसऱ्या धंद्यांकडे वळले. मार्च २०२३ मध्ये रामपुरात सुमारे २० फूट लांबीचा भव्य चाकू एका चौकात उभारण्यात आला. त्या जागेला चाकू चौक असे नाव मिळाले. ज्याचा बाजार बसला त्याचे स्मारक उभे राहिले, असा हा प्रकार.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र मानल्या जात नाहीत. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात, मात्र घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाचे त्यातून वगळले आहेत. याशिवाय राज्ये आणि पोलीस यंत्रणा वेळोवेळी स्थानिक बंदी आदेश काढतात. आजोबांचा पेन्सिलीचा चाकू घरात ठेवणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, पण तो खिशात घालून विमानतळावर किंवा सभेला जाणेही शहाणपणाचे नाही.

त्यामुळे खिशातल्या पात्याभोवती जमणारी मैत्री भारतात शोधायची तर चाकू बाजूला ठेवून दुसऱ्या एका मिटत्या पात्याकडे पाहावे लागते. ते पाते महाराष्ट्रात घराघरांत होते आणि त्याची कोणालाच भीती वाटत नव्हती. ते म्हणजे अडकित्ता.

चंची उघडली की

हिंदीत सरोता, गुजरातीत सूडी आणि मराठीत अडकित्ता. दोन दांडे एका टोकाशी खिळ्याने जोडलेले, वरच्या दांड्याला पोलादी धार, खालच्या दांड्यावर सुपारी टेकवायची जागा. तरफेचे साधे तत्त्व. खिळ्याजवळ सुपारी ठेवली की हाताच्या थोड्या दाबात ती कातरली जाते. कातरण्याचा भाग लोखंडाचा किंवा पोलादाचा, पण दांडे पुष्कळदा पितळेचे असत आणि तिथे कारागिराची कल्पना मोकळी सुटे. मोर, पोपट, घोडा, हंस, राधाकृष्णाची किंवा नवरा-बायकोची जोडी अशी असंख्य रूपे अडकित्त्याने घेतली. गुजरातमधील जामनगर तर सूड्यांसाठी प्रसिद्धच आहे.

मराठी माणसाचा अडकित्ता पानाच्या डब्यात राही किंवा चंचीत. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची, नाडीने आवळायची कापडी पिशवी. एका कप्प्यात पाने, दुसऱ्यात सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी आणि अडकित्ता. चावडीवर, बांधावर, एसटीच्या थांब्यावर चंची सोडली की ती एकट्यासाठी सोडायची नाही, असा अलिखित नियम होता. सुपारी कातरणारा आधी शेजाऱ्यापुढे हात करी, मग स्वतः घेई. भांडण मिटल्याची खूणही पानानेच होई. ओळख नसलेल्या माणसाशी बोलणे सुरू करण्यासाठी चुन्याची डबी मागणे पुरेसे होते. काही समाजांत लग्नातल्या नवरदेवाच्या हाती कट्यार किंवा अडकित्ता देण्याची चाल आहे आणि तो पुष्कळदा भावकीतून उसना आणलेला असे. म्हणजे संग्राहकांची जी रीत परदेशात एका छंदाभोवती तयार झाली, ती येथे रोजच्या व्यवहारातच मुरलेली होती.

या वस्तूचे मोल ओळखणारा माणूस पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. घराण्याच्या चष्म्याच्या दुकानात बसता बसता १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्या काळी पेठांमधले वाडे मोडकळीस येत होते आणि सरदार घराण्यांतील चीजवस्तू बाजारात येत होत्या. सुरुवात अशा वस्तूंपासून झाली तरी केळकरांची नजर लवकरच तलवारींवरून घसरून दिव्यांवर, कुलपांवर, वज्र्यांवर, दौतींवर आणि अडकित्त्यांवर स्थिरावली. सामान्य बाईमाणसाच्या हाताळण्यातली वस्तूही कलावस्तू असते, हे त्यांचे म्हणणे आज सर्वमान्य आहे. तेव्हा ते वेड समजले जाई.

केळकरांचा राजा हा मुलगा लहानपणीच गेला. पुढे संग्रहाला त्याचेच नाव मिळाले: राजा दिनकर केळकर संग्रहालय. पत्नी कमलाबाई यांच्या साथीने ते भारतभर हिंडले, राजस्थान आणि गुजरातमधूनही त्यांनी पुष्कळ वस्तू आणल्या. संग्रह २० हजारांहून अधिक वस्तूंपर्यंत वाढला. आणि १९६२ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. चार दशके पदरमोड करून, गावोगावच्या बाजारांत घासाघीस करून जमवलेली वस्तू देऊन टाकणे म्हणजे काय, हे ज्याने टपालाची चार तिकिटे तरी जमवली आहेत त्याला कळेल. केळकर त्यानंतरही जमवत राहिले. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील त्या वास्तूत अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभे राहिले की एकाच साध्या यंत्राची इतकी रूपे एका माणसाने ओळखली, याचे आश्चर्य वाटते.

अडकित्त्यांचा दुसरा मोठा वेडा अगदी अनपेक्षित ठिकाणचा होता. सॅम्युअल आयलेनबर्ग यांचा जन्म १९१३ साली वॉर्सात झाला. विसाव्या शतकातील आघाडीच्या गणितज्ञांत त्यांची गणना होते. सॉन्डर्स मॅक्लेन यांच्यासह त्यांनी गणिताची एक नवी शाखाच उभी केली. १९५० च्या दशकात मुंबईला आले असताना त्यांना भारतीय कलावस्तूंची गोडी लागली. मूर्ती तर त्यांनी घेतल्याच, शिवाय भारत आणि आग्नेय आशियातील अडकित्तेही मोठ्या संख्येने जमवले. गणितज्ञांत ते ‘सॅमी’ होते, तर कलावस्तूंच्या बाजारात त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखत. त्यांच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि या विषयाच्या अभ्यासकांना ते आजही उपयोगी पडते.

आयलेनबर्ग यांनी १९८७ मध्ये आपल्या संग्रहातील ४०० हून अधिक कलावस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या. त्या व्यवहारातून उभ्या राहिलेल्या निधीच्या मदतीने कोलंबिया विद्यापीठात गणिताचे अभ्यागत प्राध्यापकपद निर्माण झाले. मूर्तींच्या बदल्यात गणित, असा हा सौदा कोणत्याही चाकूवाल्याच्या नाण्यापेक्षा कमी मजेदार नाही. मात्र आज त्यांच्यासारखा संग्रह परदेशात नेता येणार नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूची खासगी निर्यात करता येत नाही, आणि जुना अडकित्ताही त्यात येऊ शकतो.

जयपूरमध्येही या वृत्तीचे एक अलीकडचे उदाहरण आहे. राजीव अरोरा आणि राजेश अजमेरा या दोन मित्रांनी दागिन्यांचा व्यवसाय करता करता गावोगावचे जुने चांदीचे दागिने व वस्तू वितळण्यापासून वाचवल्या आणि २०१८ मध्ये त्यांचे आम्रपाली संग्रहालय लोकांसाठी खुले केले. चांदीला निदान वितळवण्याची तरी किंमत येते. लोखंडाच्या अडकित्त्याला तीही येत नाही. तो भंगारवाल्याच्या गोणीत किलोवर जातो.

अडकित्ता घरातून जाण्यामागे एक चांगले कारणही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सुपारी कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तंबाखूशिवायच्या सुपारीलाही तो लागू आहे. त्याआधीच तयार सुपारीच्या आणि गुटख्याच्या पुड्यांनी अडकित्ता निरुपयोगी ठरवला होता. पुडी फाडणारा माणूस शेजाऱ्यापुढे हात करत नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, परंतु चंची काही परत आली नाही. सुपारी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. तिच्याबरोबर एक अवजार आणि त्याभोवतीची रीतही गेली, एवढीच हळहळ.

ज्यांच्या घरी असा अडकित्ता किंवा जुना मिटता चाकू अजून आहे, त्यांच्यासाठी जाणकार संग्राहकांचे सांगणे साधे असते. चिंच किंवा राख लावून तो लखलखीत घासू नये. पितळेवरचा काळपट थर हेच त्याचे वय असते. लोखंडावर तांबेरा असेल तर मऊ फडक्याने पुसून यंत्रासाठी वापरतात तसले पातळ तेल लावावे, खिळ्यात एक थेंब सोडावा आणि उघडमीट करून जास्तीचे तेल टिपून घ्यावे. चामड्याच्या पिशवीत किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यास आत ओल धरते. सुती कापड उत्तम. नवी धार लावण्याचा मोह टाळावा. आणि एका कागदाच्या चिठ्ठीवर तो कोणाचा होता, कोणत्या गावचा, कोणाकडून कोणाकडे आला, एवढे लिहून ती चिठ्ठी सोबत ठेवावी. पुढे तो भाच्याला द्यायचा असो, मित्राला असो की संग्रहालयाला, घेणारा आधी ती चिठ्ठीच वाचतो.